साठ फुटांचा हिशेब

अकरावीच्या वर्गात प्रोजेक्टाइल मोशन शिकवायला घेतले की मी एक गोष्ट हमखास सांगतो. इंग्लंडमधला एक इंजिनिअर, घराच्या अंगणात पाण्याने भरलेला टब, मुलीच्या गोट्या आणि एक गलोल. गोट्या पाण्यावरून टप्पे घेत कशा जातात याचा अभ्यास करून त्याने धरण फोडणारा बॉम्ब तयार केला. धरण फुटले की माझी गोष्ट संपायची. कॅडेट खूश व्हायचे आणि मी फळ्याकडे वळायचो.

तीन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका कॅडेटने उभे राहून विचारले की सर, त्या रात्री जेवढी विमाने गेली त्यांतली किती परत आली? मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे गोष्ट सांगत होतो आणि तो आकडा मला ठाऊक नव्हता. प्रेपची घंटा झाल्यावर मी ग्रंथालयात गेलो आणि त्या इंजिनिअरचे चरित्र पहिल्यापासून वाचायला घेतले. मित्रांनो, त्या वाचनातून हाती आलेली पूर्ण गोष्ट आज आपल्या मराठी पानावर सांगतो.

त्यांचे नाव बार्न्स वॉलिस. जन्म २६ सप्टेंबर १८८७, इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील रिप्ली या गावी. वडील डॉक्टर होते, पण पोलिओने त्यांचे पाय अधू झाले आणि घरात पैशाची चणचण सुरू झाली. क्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची एक जुनी निवासी शाळा गरजू घरांतील हुशार मुलांना शिकवत असे. परीक्षा देऊन वॉलिस यांनी तेथे जागा मिळवली. लांब निळा कोट आणि पिवळे मोजे हा त्या शाळेचा गणवेश आजही आहे. या शाळेचे नाव लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

सतराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि जानेवारी १९०५ मध्ये एका इंजिनिअरिंग कारखान्यात उमेदवारी सुरू केली. पुढे ते जहाजे बांधणाऱ्या कंपनीत गेले आणि तेथून विकर्स कंपनीत हवाई जहाजांच्या कामावर. पदवी त्यांच्याजवळ नव्हती. लंडन विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन १९२२ साली, म्हणजे वयाच्या पस्तिशीत मिळवली. एका प्रयत्नात परीक्षा निघाली नाही म्हणून खचणाऱ्या कॅडेटांनी आणि त्यांच्याहून अधिक खचणाऱ्या पालकांनी हे वय ध्यानात ठेवावे.

त्याच सुमारास हवाई जहाजांचे काम बंद पडले. वॉलिस स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवू लागले. नात्यातल्या मॉली ब्लॉक्सम या सतरा वर्षांच्या मुलीवर त्यांचे मन जडले होते. मॉलीच्या वडिलांना हे वयाचे अंतर पसंत नव्हते. त्यांनी प्रेमपत्रांना मनाई केली, मात्र कॉलेजात मॉलीला गणित जड जात असल्याने गणित शिकवणाऱ्या पत्रांना परवानगी दिली. मग स्वित्झर्लंडहून लंडनला कॅल्क्युलसची पत्रे जाऊ लागली. आकृत्या, पायऱ्या, उदाहरणे आणि मधूनच घरची खुशाली. २३ एप्रिल १९२५ रोजी दोघांचे लग्न झाले. अवघड गोष्ट समोरच्याला पटेपर्यंत न कंटाळता पुन्हा पुन्हा लिहून पाठवायची सवय त्यांना येथेच लागली असावी असे मला वाटते. पुढे युद्धात हीच सवय त्यांच्या उपयोगी पडली.

विकर्सने पुन्हा बोलावल्यावर त्यांनी आर-१०० हे प्रचंड हवाई जहाज घडवले. १९३० च्या उन्हाळ्यात ते अटलांटिक ओलांडून कॅनडाला गेले आणि सुखरूप परतले. सरकारी कारखान्याने बांधलेले दुसरे जहाज आर-१०१ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिंदुस्थानच्या दिशेने निघाले. ते कराचीला उतरायचे होते आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती. फ्रान्समध्येच ते कोसळून पेटले आणि ४८ माणसे गेली. त्यानंतर वॉलिस यांचे धडधाकट आर-१०० सुद्धा मोडीत काढले गेले.

हवाई जहाजाच्या सांगाड्यातून शिकलेली विद्या त्यांनी विमानात आणली. धातूच्या पट्ट्या तिरप्या गुंफून टोपलीच्या विणीसारखा सांगाडा करायचा, म्हणजे एक पट्टी तुटली तरी भार शेजारच्या पट्ट्या उचलतात. या पद्धतीने बांधलेली वेलिंग्टन बॉम्बर विमाने दुसऱ्या महायुद्धात ११ हजारांहून अधिक तयार झाली. गोळ्यांनी चाळणी झालेली वेलिंग्टन विमाने वैमानिकांना घेऊन तळावर परत येत. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी हिंदुस्थानातल्या तळांवरूनही ती उडाली.

सप्टेंबर १९४० मध्ये वेब्रिज येथील विकर्सच्या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले आणि ऐंशीहून अधिक कामगार मेले. एका हवाई हल्ल्यात मॉलीची बहीण आणि तिचा नवरा मारले गेले. त्यांच्या मुलांना वॉलिस दांपत्याने आपल्या चार मुलांत सामावून घेतले. युद्ध लवकर संपवायचे तर शत्रूच्या शक्तीच्या मुळावर घाव घालायला हवा, हा विचार वॉलिस यांच्या मनात पक्का झाला. जर्मनीच्या रूर खोऱ्यातील पोलाद कारखाने म्योने, झोर्पे अशा धरणांच्या पाण्यावर आणि विजेवर चालत होते. म्योने धरणाची भिंत सुमारे ४० मीटर उंच आणि ६५० मीटर लांब, दगडी बांधकामाची.

१९४१ च्या मार्चमध्ये त्यांनी एक लांबलचक टिपण तयार केले आणि त्याच्या शंभराच्या आसपास प्रती शास्त्रज्ञ, अधिकारी, राजकारणी अशा अनेकांना पाठवल्या. दहा टनी बॉम्ब खूप उंचावरून टाकून जमिनीत खोल स्फोट घडवावा, म्हणजे भूकंपासारखे हादरे बसतील, अशी ती कल्पना होती. असा बॉम्ब उचलणारे विमानच नव्हते, म्हणून नकार आला. दुसरा कोणी असता तर कागद कपाटात गेले असते. वॉलिस यांनी प्रश्न उलटा केला. बॉम्ब मोठा करता येत नसेल तर तो भिंतीला किती चिकटून फुटला म्हणजे लहान बॉम्ब पुरेल?

सरकारी प्रयोगशाळांनी धरणाच्या छोट्या प्रतिकृती बांधून फोडल्या. जुलै १९४२ मध्ये वेल्समधील नांट-ई-ग्रो नावाचे वापरात नसलेले लहान धरण फोडून पाहिले. स्फोटके पाण्याखाली भिंतीला चिकटून असली तर सुमारे तीन टन पुरतील असा हिशेब निघाला. पाणी दाबता येत नाही, त्यामुळे स्फोटाचा जोर पाण्यात विरण्याऐवजी भिंतीवर येतो. पण भिंतीला चिकटवायचे कसे? पाणतीर अडवायला धरणापुढे पोलादी जाळ्या लावलेल्या होत्या. मग जाळ्यांवरून उड्या मारत गेले तर?

नदीकाठी चपटा खडा पाण्यावर टप्पे घेत जाताना तुम्ही पाहिला असेल. जुन्या काळी आरमारातले गोलंदाज तोफेचे गोळे असेच पाण्यावरून टप्पे देत मारायचे, हे वॉलिस यांना ठाऊक होते. १९४२ च्या वसंतात त्यांनी एफिंगहॅम येथील घरी टबात पाणी भरले, मुलीच्या गोट्या घेतल्या आणि गलोलीने मारायला सुरुवात केली. मुले टप्पे मोजत होती. नंतर टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेतील मोठ्या हौदात शेकडो प्रयोग झाले. बॉम्बला उलटी फिरकी दिली की तो पाण्यावर जास्त टप्पे घेतो आणि भिंतीला आपटल्यावर मागे न फेकला जाता भिंतीला घासत खाली उतरतो. विकर्समधले त्यांचे सहकारी जॉर्ज एडवर्ड्स क्रिकेटमध्ये फिरकी टाकायचे. उलट्या फिरकीची सूचना आपलीच होती असे ते पुढे सांगत.

आता पत्रांचा दुसरा अध्याय सुरू झाला. हवाई गुप्तवार्ता विभागातले विंटरबॉथम, शास्त्रज्ञ ब्लॅकेट आणि टिझार्ड यांच्याकडे टिपणे गेली आणि त्यांनी ती पुढे नेली. पण बॉम्बर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस यांना हा सगळा वेडेपणा वाटला. आपली मोलाची लँकॅस्टर विमाने असल्या खेळासाठी द्यायला ते तयार नव्हते. २३ फेब्रुवारी १९४३ रोजी विकर्सच्या अध्यक्षांनी वॉलिस यांना बोलावून धरणांचा नाद सोडण्याचा हुकूम दिला. वॉलिस यांनी राजीनामा पुढे केला. तीनच दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, हवाई दलप्रमुख पोर्टल यांच्या निर्णयाने काम पूर्ण वेगात करण्याची आज्ञा आली. धरणे काठोकाठ भरलेली असतात ती मे महिन्यात. हाताशी ऐंशी दिवससुद्धा नव्हते आणि पूर्ण आकाराच्या बॉम्बचे तपशीलवार आराखडेही अजून काढायचे होते.

मोहिमेसाठी ६१७ क्रमांकाची नवी स्क्वाड्रन उभी राहिली. तिचे नेतृत्व चोवीस वर्षांच्या गाय गिब्सनकडे आले. वॉलिस आणि गिब्सन पहिल्यांदा भेटले तेव्हा एक गंमत झाली. लक्ष्य कोणते हे कळण्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत गिब्सनचे नाव नव्हते. त्यामुळे वॉलिस यांनी बॉम्ब समजावला, पण तो कशावर टाकायचा हे सांगितले नाही. गुप्ततेचा नियम त्यांनी गिब्सनसाठीही मोडला नाही.

एप्रिलमध्ये केंट परगण्यातील रिकल्व्हरच्या किनाऱ्यावर चाचण्या सुरू झाल्या. आणि येथे, मित्रांनो, माझ्या गोष्टीतून इतकी वर्षे सुटलेला भाग येतो.

बॉम्ब १५० फुटांवरून टाकायचा ठरले होते. पोलादी दंडगोलाभोवती लाकडी आवरण घालून त्याला गोल आकार दिला होता. पाण्यावर आपटताच ते आवरण फुटून तुकडे उडाले. पंचावन्न वर्षांचे वॉलिस थंडगार समुद्रात उतरून पायांनी चाचपत तुकडे शोधू लागले. एका चाचणीत आवरण फुटले, पण आतला दंडगोल एकटाच टप्पे घेत पुढे गेला. तेव्हा त्यांनी आवरण काढूनच टाकले. तरीही आघात कमी करायला हवा होता. उपाय एकच, उंची कमी करणे. त्यांनी गिब्सनला विचारले की १५० ऐवजी ६० फुटांवरून उडता येईल का. गिब्सनने स्क्वाड्रनकडून प्रयत्न करून पाहण्याचे कबूल केले.

आता वही काढा. १५० फूट म्हणजे सुमारे ४६ मीटर. तेथून पडणाऱ्या वस्तूचा खाली येण्याचा वेग पाण्याजवळ सेकंदाला ३० मीटर होतो. ६० फूट म्हणजे १८ मीटर, तेथून तो सेकंदाला १९ मीटर. उभ्या दिशेतली ऊर्जा ४० टक्क्यांवर आली आणि बॉम्ब वाचला. वहीतला हिशेब येथे पूर्ण होतो. पण लँकॅस्टरच्या पंखांची एकूण लांबी ३१ मीटर आहे. म्हणजे विमान जितके रुंद, त्याहून कितीतरी कमी उंचीवरून, रात्री, ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेगाने, तोफांच्या माऱ्यात, सरळ रेषेत उडायचे. बॉम्बवरचा भार कमी झाला आणि तो सात-सात जणांच्या विमानपथकांवर आला. ते मागणे वॉलिस यांनी स्वतः केले होते आणि हे त्यांना पुरते ठाऊक होते.

उंची नेमकी कळावी म्हणून विमानाखाली दोन दिवे बसवले. त्यांचे झोत ६० फुटांवर पाण्यावर एकमेकांना मिळत. अंतर कळावे म्हणून लाकडाचा एक साधा त्रिकोण केला. त्यावरचे दोन खिळे धरणाच्या दोन बुरुजांच्या रेषेत आले की बॉम्ब सोडायचा. समरूप त्रिकोण शाळेत शिकवतात, ते हेच.

१६ मे १९४३ च्या रात्री स्कॅम्प्टनच्या तळावरून १९ लँकॅस्टर विमाने निघाली. त्यांत १३३ जण होते. प्रत्येक विमानाखाली सव्वाचार टनांच्या आसपास वजनाचा, मिनिटाला ५०० फेरे उलटे फिरणारा दंडगोल. वॉलिस ग्रँथम येथील मुख्यालयात हॅरिस यांच्यासोबत बिनतारी संदेशांची वाट पाहत होते. म्योनेवर गिब्सनचा पहिला बॉम्ब गेला, भिंत उभीच. दुसरे विमान हल्ला करतानाच पेटून पडले. तिसऱ्या विमानाच्या वेळी गिब्सन स्वतः बाजूने उडाला आणि तोफांचे लक्ष आपल्याकडे ओढून घेतले. पाचव्या बॉम्बनंतर भिंत ढासळली. एडर धरण तिसऱ्या म्हणजे शेवटच्या उरलेल्या बॉम्बने फुटले. झोर्पे मातीचे धरण होते. त्यावर हल्ला झाला, पण ते टिकले. मुख्यालयात हॅरिस यांनी वॉलिस यांचे अभिनंदन केले.

पहाटेपासून विमाने परतू लागली. १९ पैकी ८ आलीच नाहीत. ५३ जण मेले, ३ कैदी झाले. सगळेच हल्ल्याच्या क्षणी गेले असे नाही. काही विमाने रडार टाळण्यासाठी खालून उडताना विजेच्या तारांत अडकली, काही वाटेतल्या तोफांनी पाडली. पण हा भेद करून वॉलिस यांना दिलासा मिळाला नाही. तळावर जल्लोष चालू असताना ते रडत होते.

आणखी एक आकडा आहे. पाण्याच्या लोंढ्यात तेराशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांत नेहाइम गावाजवळच्या छावणीत कोंडलेल्या परदेशी वेठमजूर स्त्रिया शेकड्यांनी होत्या. त्यांतल्या बहुतेक सोव्हिएत प्रदेशातून धरून आणलेल्या, म्हणजे दोस्तांच्याच बाजूच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्यात काय झाले हे मी आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत मोठा झालो. धरण फुटणे म्हणजे काय हे मराठी घरांना वेगळे सांगावे लागत नाही. तरीही मी वर्गात धरण फुटल्यावर गोष्ट थांबवत होतो.

मोहिमेने रूरचे उत्पादन काही काळ घटले आणि दुरुस्तीसाठी शत्रूला हजारो माणसे तिकडे वळवावी लागली. म्योनेची भिंत मात्र सप्टेंबरअखेर पुन्हा उभी राहिली. या मोहिमेचे मोल किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. एक गोष्ट नक्की झाली. वॉलिस यांच्या कागदांना आता नकार मिळेना. १९४१ चा भूकंपी बॉम्ब टॉलबॉय आणि ग्रँड स्लॅम या रूपांत तयार झाला. १२ नोव्हेंबर १९४४ रोजी नॉर्वेत टिर्पिट्झ ही जर्मन युद्धनौका टॉलबॉयनेच बुडवली. गिब्सन ते पाहायला राहिला नव्हता. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला तो तरुण सप्टेंबर १९४४ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, एका उड्डाणात मारला गेला.

युद्धानंतर वॉलिस यांनी दोन गोष्टी केल्या. १९५१ साली सरकारने शोधाबद्दल त्यांना १०,००० पौंडांचे बक्षीस दिले. त्यांनी ते घरात घेतले नाही. ज्या क्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेने गरिबीत त्यांना शिकवले, त्याच शाळेत हवाई दलातल्या मृत किंवा जखमी जवानांच्या मुलांना शिकता यावे म्हणून त्यांनी निधी उभारला आणि ती रक्कम त्यात दिली.

दुसरी गोष्ट त्यांच्या कामाच्या पद्धतीत दिसते. पुढे पंख हलवून आकार बदलणाऱ्या वेगवान विमानांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. पण आपल्या प्रयोगासाठी कोणाही वैमानिकाचा जीव धोक्यात घालायचा नाही असे त्यांनी ठरवले होते. म्हणून त्यांनी माणसाविना, दूरवरून चालवायच्या प्रतिकृती उडवल्या. आज आपण ज्यांना ड्रोन म्हणतो त्यांच्या वाटेवरचे ते आरंभीचे काम होते. १९६८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ३० ऑक्टोबर १९७९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तुमच्यापैकी काही जण उद्या इंजिनिअर व्हाल, काही विमान, रणगाडा किंवा पूल प्रत्यक्ष वापराल. आराखडा काढणाऱ्याने जी त्रुटी आपल्या टेबलावर सोडवली नाही, ती दुसऱ्या कोणाला तरी अंधारात, कमी उंचीवर सोडवावी लागते. कधीकधी युद्धात त्याला इलाज नसतो. वॉलिस यांनाही नव्हता. पण मागणे कोणाकडे केले आणि त्याने काय दिले, हे ते अखेरपर्यंत विसरले नाहीत.

प्रश्न विचारणारा तो कॅडेट आता खडकवासल्याला एनडीएत आहे. सुट्टीत भेटायला आला तेव्हा त्याला मी उशिरा का होईना उत्तर दिले. एकोणीस गेली, अकरा परतली. आता दरवर्षी अकरावीच्या वर्गात प्रोजेक्टाइलचे समीकरण मांडण्याआधी मी फळ्याच्या कोपऱ्यात १९, ८ आणि ५३ हे तीन आकडे लिहितो. तास संपेपर्यंत ते पुसत नाही.